एक फोन, चाळीस मुलं आणि क्लिक करण्याआधीचा प्रश्न

आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत आज तंत्रज्ञान म्हणजे काय असतं? लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही, शिक्षकांचा स्वतःचा फोन, त्याच फोनचा हॉटस्पॉट आणि समोर तीस-चाळीस मुलं. प्रशिक्षणात मात्र हातात पडते पन्नास ॲप्सची यादी. शिक्षक घरी येऊन त्यातली दोन-तीन उघडून बघतात, एखादं आवडतं, बाकीची डोक्यावरून जातात आणि सोमवारपासून पुन्हा खडू-फळा सुरू. यात शिक्षकांचं काहीच चुकत नाही. कुठलं साधन मुलाच्या डोक्यात नेमकं काय काम करतं, हे त्या यादीत कुणी लिहिलेलंच नसतं.

या लेखात तेवढंच सांगायचं आहे. साधनं मोजकीच घेते, सगळी फुकट.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. मूल वर्गात येतं तेव्हा त्याच्या डोक्यात विषयाबद्दल काही ना काही समजूत आधीच तयार असते. ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठं, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून उकडतं. या समजुती चुकीच्या आहेत, पण त्यांच्यामागे विचार आहे, म्हणूनच त्या चिवट असतात. आपण नीट शिकवतो, मूल परीक्षेत बरोबर उत्तर लिहितं आणि आत जुनी समजूत तशीच राहते. म्हणून कुठलंही साधन पारखताना मी दोन प्रश्न विचारते. मुलाची समजूत बाहेर यायला याने मदत होते का? आणि ती समजूत खरी की खोटी, हे मुलाला स्वतः तपासता येतं का? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील, तर ते साधन कितीही देखणं असो, टीव्हीवर दिसणारा फळाच आहे.

बल्ब, सेल आणि ०.९ अँपिअर

पहिलं साधन फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या कॅम्पसमध्ये कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. वायमन यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं आणि त्या रकमेतला काही भाग त्यांनी यात घातला. या संकेतस्थळावर विज्ञान आणि गणिताची दीडशेहून अधिक सिम्युलेशन्स आहेत. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरचा असा प्रयोग, ज्यात मूल स्वतः वस्तू हलवतं, जोडतं, आकडे बदलतं आणि परिणाम तिथल्या तिथे बघतं. खातं उघडावं लागत नाही, जाहिराती येत नाहीत आणि यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

धाराविद्युतचा पाठ घेऊ. टीव्ही बंदच ठेवा. फळ्यावर एक सेल आणि दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत काढा आणि विचारा, "कुठला बल्ब जास्त उजळेल?" प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं, कारणासह. पेन्सिल नको, पेनाने, म्हणजे नंतर खोडता येत नाही. मग हात वर करायला सांगा. बरीच मुलं म्हणतील, पहिला. कारण विचारलंत तर सांगतील, "पहिला बल्ब करंट वापरून टाकतो, दुसऱ्याला उरलेला मिळतो." भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना जगभर भेटणारी ही समजूत आहे. ती आपल्याही वर्गात आहे, फक्त एरवी कुणी विचारत नाही म्हणून दिसत नाही.

आता फेटचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडा आणि एका मुलीला पुढे बोलवा. ती सेल ओढून आणेल, तारा जोडेल, बल्ब लावेल. सेल ९ व्होल्टचा, बल्बचा रोध १० ओहम, म्हणून धारा मोजणारा अ‍ॅमीटर ०.९ अँपिअर दाखवतो. दुसरा बल्ब एकसर जोडला की दोन्ही मंद होतात, आणि सारखेच मंद होतात. अ‍ॅमीटर आता ०.४५ वर येतो. तो पहिल्या बल्बच्या आधी लावा, दोघांच्या मध्ये लावा, दुसऱ्याच्या नंतर लावा. सगळीकडे ०.४५.

इथे शिक्षकाने गप्प राहायचं. हे सर्वांत अवघड आहे, कारण उत्तर आपल्या ओठांवर आलेलं असतं. पण वहीत पेनाने लिहिलेलं वाक्य आणि पडद्यावरचा आकडा जुळत नाही, हे मुलाला स्वतःला टोचलं पाहिजे. कुणीतरी म्हणेलच, "मग करंट खाल्ला कुणी?" कुणीच नाही, ही गोष्ट वर्गाने शोधली की तुमचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्यानंतर समांतर जोडणी. दोन्ही बल्ब पुन्हा पूर्ण उजळतात, प्रत्येकातून ०.९, सेलमधून १.८ अँपिअर. घरात दिवा लावला तरी पंखा हळू का होत नाही, हे आता मुलांनाच विचारा.

एक होणारच, तयार राहा. कुणीतरी बल्ब न लावताच सेलची दोन टोकं तारेने जोडेल आणि पडद्यावर सेल पेट घेईल. वर्ग खूश होतो. रागावू नका. शॉर्ट सर्किटमध्ये धारा किती वाढली, ते अ‍ॅमीटरवर वाचायला लावा.

दोन खाचखळगे आधीच सांगून ठेवते. पहिला, या सिम्युलेशनमध्ये सुरुवातीला इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात आणि ते सेलच्या ऋण टोकाकडून निघतात. पाठ्यपुस्तकातला बाण मात्र धन टोकाकडून ऋण टोकाकडे असतो. हुशार मूल हे लगेच पकडतं. पडद्यावर सांकेतिक धारेचा पर्याय आहे. दोन्ही दाखवा आणि दिशा उलट का, ते मोकळेपणाने बोला. दुसरा खळगा जास्त महत्त्वाचा. पडद्यावरचा सेल कधी उतरत नाही, तारेचा सांधा कधी सैल होत नाही. खरा सेल दोन बल्ब समांतर लावल्यावर थोडा दबतो, कारण त्याच्या आतही रोध असतो. म्हणून सिम्युलेशननंतर खरा सेल आणि टॉर्चचे बल्ब हातात द्याच.

हातात देण्यासारखं काय, याचं उत्तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली आणि ती कशी करायची ते फोटो-व्हिडिओसकट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. शेकडो पुस्तकंही तिथे मोफत आहेत, मराठी पुस्तकं धरून. एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं एवढ्यात फिरणारी मोटर होते. ती फिरताना मुलाचा चेहरा बघावा. पडद्यावरची कुठलीही गोष्ट ते करू शकत नाही.

ओढून बघायची भूमिती

गणितात हेच काम जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर करतं. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास विद्यार्थी असताना ते बनवायला घेतलं. शाळेत वापरायला ते मोफत आहे. फळ्यावरचा त्रिकोण एकदा काढला की तसाच राहतो. जिओजेब्रातला त्रिकोण शिरोबिंदू धरून ओढता येतो आणि त्यावर केलेली सगळी रचना बरोबर हलते.

त्रिकोणाचे तीन शिरोलंब काढा. ते एका बिंदूत मिळतात, तो लंबसंपात. आता विचारा, "हा बिंदू नेहमी त्रिकोणाच्या आतच राहील का?" पुस्तकातली आकृती बहुतेक वेळा लघुकोन त्रिकोणाची, म्हणून मुलं 'हो' म्हणतात. एकाला शिरोबिंदू हळूहळू ओढायला सांगा. कोन ९० अंशांकडे सरकतो तसा लंबसंपात त्या शिरोबिंदूकडे सरकतो, बरोबर काटकोनाला तो शिरोबिंदूवरच जाऊन बसतो आणि कोन आणखी उघडला की त्रिकोणाबाहेर निघून जातो. ही तीन वाक्यं पाठ करायला दिली तर आठवडाभर टिकतात. ओढून बघितलेली गोष्ट वेगळी राहते. मग मध्यगा, म्हणजे शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा काढा आणि त्या मिळतात तो मध्यगासंपात असाच बाहेर काढता येतो का, ते बघायला सांगा. कितीही ओढलं तरी तो बाहेर येत नाही. का येत नाही, यावर एक अख्खी तासिका जाऊ शकते आणि जाऊ द्यावी.

एक सावधगिरी. ओढून शंभर वेळा खरं दिसलं म्हणजे सिद्धता झाली, असं मुलांना वाटू लागतं. जिओजेब्रा अंदाज देतं, सिद्धता वहीतच लिहावी लागते.

सगळ्या वर्गाला एकाच वेळी विचारणं

आपण प्रश्न विचारतो, पुढच्या बाकावरचे तेच पाच-सहा हात वर येतात, एकजण बरोबर उत्तर देतो आणि आपण पुढे जातो. बाकीच्या तिसांना काय कळलं, हे आपल्याला माहीतच नसतं. वर्गातला हा सर्वांत मोठा आंधळा कोपरा आहे असं मी म्हणेन.

त्यावर प्लिकर्स नावाचं साधन आहे, आणि मुलांच्या हातात फोन नसलेल्या शाळेसाठी याहून योग्य काही मी पाहिलेलं नाही. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी चौकोनी आकृती असते, चारही कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. मुलाने आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि काही सेकंदांत फोनवर दिसतं, कुणी काय उत्तर दिलं. इंटरनेट आणि कॅमेरा फक्त शिक्षकाच्या फोनला लागतो. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करता येत नाही. जी मुलं कधीच हात वर करत नाहीत, त्यांचंही मत नोंदलं जातं आणि चुकलं तर सगळ्यांसमोर चुकत नाही. लाजाळू मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कार्डं साध्या जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन केलं तर खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला कार्ड दिसत नाही. मुलांची बोटं काळ्या भागावर येणार नाहीत, एवढं पहिल्या दिवशी शिकवा. फुकट खात्यात प्रश्नसंचावर मर्यादा आहे, पण एका तासिकेला दोन-तीन चांगले प्रश्न पुरतात.

चांगला प्रश्न म्हणजे काय? तर ज्याचा प्रत्येक चुकीचा पर्याय एखादी खरी समजूत पकडतो. ०.६, ०.४५, ०.१२३ आणि ०.०९ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.१२३ म्हणणारं मूल अपूर्णांक पूर्ण संख्येसारखे वाचतंय. ०.०९ म्हणणाऱ्याला ९ हा मोठा अंक दिसला, त्याची जागा दिसली नाही. दोघांचं उत्तर चूक, पण दोघांना लागणारी मदत वेगळी. पर्याय असे रचलेले असले की निकालच सांगतो, पुढची दहा मिनिटं कशावर घालवायची.

निकाल आल्यावर काय करायचं, याची पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी नव्वदच्या दशकात रुजवली. त्यांचे विद्यार्थी सूत्रं वापरून अवघड उदाहरणं सोडवत, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडत. म्हणून ते आधी प्रत्येकाला एकट्याने उत्तर द्यायला लावत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा तोच प्रश्न. त्यांचा ढोबळ हिशेब असा: ३० टक्क्यांहून कमी मुलं बरोबर असतील तर चर्चेत अर्थ नाही, पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्के असतील तर चर्चा होऊ द्या, कारण वर्गात दोन्ही बाजूंची माणसं आहेत. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. चर्चा होईपर्यंत बरोबर उत्तर टीव्हीवर दाखवायचं नाही. ते दिसलं की बोलणं संपतं.

हे सगळं पाटीवरही करता येतं. पाटीवर अक्षर लिहा, एक-दोन-तीन म्हटल्यावर वर धरा. ज्या दिवशी नेट नाही त्या दिवशी पाटी काढा. प्लिकर्समध्ये जास्तीचं मिळतं ते एवढंच की नावानिशी नोंद राहते आणि महिन्याभराने मागे वळून बघता येतं.

कहूट या लोकप्रिय ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना तो आवडतो, वर्ग जिवंत होतो, हे खरं. पण नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. सावकाश वाचणारं, नीट विचार करणारं मूल त्यात सतत मागे पडतं. उजळणीला वापरा. नवी संकल्पना शिकवताना नको.

भाषेसाठी

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून खुलं आहे. चित्रांच्या गोष्टी, चार वाचनपातळ्यांत लावलेल्या, मराठीसह कितीतरी भाषांत. गोष्ट टीव्हीवर मोठी करून दाखवता येते, उतरवून छापता येते आणि परवाना खुला असल्यामुळे भाषांतरही करता येतं. या शेवटच्या गोष्टीत खरं सोनं आहे. मेळघाटात किंवा सातपुड्यात ज्या मुलांची घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी आहे, त्यांना पहिल्या पातळीची एखादी गोष्ट आपल्या बोलीत सांगायला लावा. तुम्ही देवनागरीत लिहून घ्या, छापा, वर्गात टांगा. ज्या मुलाला मराठीत बोलताना अडखळायला होतं, ते इथे भाषांतरकार असतं.

मोठ्या वर्गांसाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर पूर्ण खुला आहे आणि मराठी विकिपीडिया तर आहेच. एकच नोंद, समजा लोणार सरोवर, दोन्हींत वाचायला द्या आणि फरक शोधायला सांगा. कुठे आकडा वेगळा आहे, कुठे संदर्भ दिलाय, कुठे नाही. नेटवरचं सगळं खरं नसतं असं शंभरदा सांगण्यापेक्षा ही एक तासिका पुरते. भूगोलात गूगल अर्थचं टाइमलॅप्स आहे, १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक. नवी मुंबई लावा. खाडीकाठ कसा भरत गेला आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी कशी सपाट झाली, ते डोळ्यांसमोर येतं. पाणी आता कुठून जात असेल, हा प्रश्न मुलंच विचारतात.

क्यूआर कोडचं काय करायचं

पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड महाराष्ट्राला नवे नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते आधीच वापरले होते आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आज कोड स्कॅन केला की दीक्षावरचा मजकूर उघडतो. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेल्या या सरकारी मंचावर व्हिडिओ, सराव, शिक्षकांसाठी साहित्य आहे. बहुतेक वेळा वापर असा होतो: पाठ संपला, व्हिडिओ लावला, घंटा झाली. त्याऐवजी व्हिडिओ मध्येच थांबवा. "आता पुढे काय होईल?" असं विचारून वहीत लिहून घ्या आणि मग पुढे चालवा. तोच व्हिडिओ, पण मूल आता स्वतःचं उत्तर बरोबर निघतंय का, ते बघत असतं.

नेट नसेल तेव्हा, आणि फुकटाची किंमत

फेटची सिम्युलेशन्स एका फाइलच्या रूपात उतरवून लॅपटॉपवर नेटशिवाय चालतात. दीक्षा ॲपमधला मजकूर घरच्या वाय-फायवर आधी साठवता येतो. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. संगणक कक्ष असेल तर कोलिब्री बघा. एका संगणकावर धडे भरून ठेवले की बाकीचे त्याला जोडून नेटशिवाय वापरतात. रात्री उतरवायचं आणि सकाळी वापरायचं, ही सवय लागली की रेंजची कटकट बरीच कमी होते.

फुकट साधन कायम राहीलच असं नाही. एडमोडो हे ऑनलाइन वर्गाचं साधन लाखो शिक्षक वापरत होते, २०२२ मध्ये ते बंद झालं. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस गेला. म्हणून तुमचे प्रश्न, चुकीचे पर्याय, मुलांच्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये किंवा वहीत वेगळ्या ठेवा. साधन बदलेल. तीन वर्षं घासून तयार केलेला प्रश्न जाता कामा नये.

आणि मुलांची माहिती. मुलांची खाती उघडायला लावणाऱ्या साधनापासून शक्यतो लांब राहा. प्लिकर्समध्ये पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक घाला. मुलांचे फोटो, जन्मतारखा, पालकांचे फोन नंबर कुठल्याही फुकट फॉर्ममध्ये गोळा करू नका. देशात २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर देतो. पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं. आईवडिलांनी मूल आपल्या विश्वासावर पाठवलेलं असतं.

गप्पा मारणारी एआय साधनंही आता फुकट हाताशी आहेत. मी त्यांचा एकच उपयोग सुचवेन, तोही शिक्षकांसाठी: "या प्रश्नाला सातवीतली मुलं कुठली चुकीची उत्तरं देतील?" असं विचारा. दहातली तीन-चार कामाची निघतात. मराठी आणि आकडे मात्र स्वतः तपासा, कारण चूकही तितक्याच ठामपणे लिहिलेली असते.

सुरुवात करायची तर पुढच्या आठवड्यातला एकच पाठ निवडा, ज्यात मुलं दरवर्षी अडतात. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढून तिथली तीच ती चूक शोधा आणि तिच्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न लिहा. साधन त्यानंतर शोधा. पाठ धाराविद्युतचा असेल तर फेट, त्रिकोणाचा असेल तर जिओजेब्रा, आणि काहीच जुळलं नाही तर कार्डं किंवा पाट्या.